एक तारीख आणि पावण्यांची इंडिका

कोल्हापुरात गाडी कुठं लावायची हे एकाच माणसाला कळतं, आणि तो म्हणजे मी, हंबीरराव! आमच्या रस्त्याला नुकताच नियम लागला होता. सम तारखेला गाड्या डाव्या बाजूला, विषम तारखेला उजव्या. लोक बिचारे रोज कॅलेंडर बघायचे. मला कॅलेंडर कशाला लागतंय? काल जिकडं गाडी, आज त्याच्या समोर. संपला विषय! नियम लागून पंधरवडा झाला, एकदाही चुकलो नव्हतो.

त्या दिवशी आमच्या अनुजाला बघायला आजऱ्याचं स्थळ येणार होतं. मुलगा अमरसिंह इंजिनियर, सुपारीचंही व्यसन नाही, आणि अनुजाला तो फोटोतच पसंत पडलेला! आधीची स्थळं माझ्या तोंडानं मोडली होती, म्हणून ती सकाळीच म्हणाली, "पप्पा, पाया पडते, आज तुम्ही कशात पडू नका."

"मी कशाला पडतोय?" मी म्हणालो.

पावणे आले. मुलाचे वडील बाळासो यांनी पाटी वाचून इंडिका उजव्या बाजूला लावली. मागच्या सीटवर मुलाची आत्या, चिमणाबाई. वळणावळणांनी गाडी लागली म्हणून गोळी घेऊन ढाराढूर झोपलेली.

"झोपू दे आक्काला," बाळासो म्हणाले. "पण तिनं व्हय म्हटल्याबिगर आमच्यात काय ठरत न्हाय बरं का!"

माझं लक्ष मात्र गाडीवर. राहवेना!

"पावणं, चुकीच्या बाजूला लावली की!"

"आज एक तारीख न्हवं? पाटीवर विषम लिवलंय."

"पाटीला काय कळतंय! काल ह्याच बाजूला गाड्या होत्या. माझी पण हलवायची हाय अजून. बाजू रोज बदलती. द्या किल्ली!"

बाळासोंनी भिडेखातर किल्ली दिली. मी आत्याबाईंसकट गाडी समोर नेऊन लावली, काच दोन बोटं खाली ठेवली, किल्ली खिशात टाकली आणि रुबाबात पोहे खायला बसलो.

कार्यक्रम असा रंगला म्हणून सांगू! अनुजा आणि अमरसिंह एकमेकांकडं बघून हसले सुद्धा. बाळासो म्हणाले, "आमच्याकडनं पक्कं समजा. आक्काला तेवढं वर आणूया." माझ्या बायकोनं, शालूनं, लगेच ओटीचं ताट काढलं. मी खिडकीतून खाली बघितलं.

गाडी नव्हती!

"चोरी! गाडी चोरीला गेली!" मी बोंब मारली.

"आणि आक्का?"

"त्या पण!"

शालूच्या हातातलं ताट खणकन पडलं. अमरसिंह अनवाणी जिना उतरला, त्याच्यामागं आम्ही. खाली पानवाला गुंडू निवांत पानाला चुना लावत होता.

"चोर कुठलं? क्रेननं उचलली. काळ्या काचा, आत कोण हाय ते दिसतंय कुठं? त्या बाजूला ती एकटीच गाडी. काल एकतीस, आज एक. दोन्ही विषम की, हंबीरराव!"

देवा रे! जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. वर खिडकीत अनुजा उभी होती. तिनं खिडकी लावून घेतली. ओरडली असती तर परवडलं असतं.

रिक्षा करून ट्रॅफिकच्या ऑफिसात गेलो. आवारात इंडिका, आणि शेजारी खुर्चीत चिमणाबाई, हातात चहाची बशी! मी धावत जाऊन पाय धरले.

"आत्याबाई, चूक माझी. पोरीकडं बघून माफ करा!"

"तुम्ही कोण म्हणायचं?"

"मुलीचा बाप."

"म्हंजे गाडी तुम्ही हलवलासा? मला आत ठिवून? आवो, जाग आली तर मी अधांतरी! म्हटलं, देवानंच उचललं मला!" मग त्यांनी बाजूच्या हवालदाराकडं बोट केलं. "ह्या भल्या माणसानं दार उघडलं, पाणी दिलं, चा पाजला. आपल्या आजऱ्याशेजारच्या उत्तूरचाच हाय. ह्याची थोरली लग्नाची हाय म्हणं."

मी पाय आणखी घट्ट धरले.

"पण आत्या, अनुजा..." अमरसिंह पुटपुटला.

"गप! पोरी सगळ्यांच्याच चांगल्या असत्यात. बापाला तारीख तरी कळाय पायजे!"

चिमणाबाई व्हय म्हणाल्या. हवालदाराच्या पोरीला.

लग्नाची पत्रिका आली. न जाऊन कसं चालेल? अनुजा आली नाही. शालू आणि मी आमची जुनी फियाट घेऊन गेलो. मांडवाच्या दारात फेटा बांधून नवरीचा बाप स्वतः पावण्यांच्या गाड्या लावून घेत होता. मला बघून हसला आणि हात पुढं केला.

"या हंबीरराव! द्या किल्ली!"

मी मुकाट्यानं दिली.