हरी सरांची मुकी फायनल

मुलींच्या फुटबॉल फायनलच्या सकाळी हरी सरांनी चहा मागायला तोंड उघडलं आणि श्यामलाबाईंनी नवऱ्याच्या तोंडावर चक्क हात ठेवला.

"एक शब्द काढू नका! शाळेच्या मुली फायनलला गेल्या तर फायनलच्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत तुम्ही मौन पाळाल, असा गावदेवीला नवस बोललेय मी."

नवस बायकोनं बोलायचा आणि फेडायचा नवऱ्यानं, हा कुठला न्याय? पण विचारणार कसं? आणि दुपारी म्हसळ्याच्या संघाशी गाठ असताना देवीला दुखवणार कोण?

त्यात मुख्याध्यापिका भार्गवीबाईंनी कालच बजावलं होतं, "सर, मुलींना जरा मोकळं खेळू द्या. तुम्ही 'पास' ओरडल्याशिवाय पास नाही, 'मार' म्हटल्याशिवाय गोल नाही. उद्या हरल्या तर मी दुसरा कोच आणणार. तुम्ही भूगोल शिकवा."

सरांचं मत वेगळं होतं. पोरी अकरा असल्या तरी डोकं एकच हवं, आणि ते मैदानाबाहेर हवं. पण आज त्या डोक्याला तोंडच नव्हतं. संघ हातचा जाणार या धास्तीनं सरांना चहासुद्धा गोड लागेना.

उरणजवळच्या मैदानाकडेला बंदरावर कंटेनर वाहणारे आपले ट्रेलर उभे करून पोरींचे बाप दाटीवाटीनं जमले होते. कॅप्टन जागृती धावत आली.

"सर, सुरुवातीला कुनाकडं द्यायचा बॉल?"

सरांनी ओठ घट्ट मिटून मान हलवली. जागृतीनं क्षणभर विचार केला आणि वळून ओरडली, "सर आज बोलनार न्हाय गो! खुना करनार हायत. त्यांच्याकडं बघत रावा!"

झालं! दहाव्या मिनिटाला सरांच्या डाव्या खांद्यावर डास बसला. सरांनी तो फटकन मारला आणि अख्खा संघ डावीकडे धावला. उजवीकडच्या मोकळ्या रानातून म्हसळ्याच्या पोरींनी आरामात गोल केला.

सरांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. ते पाहून गोलकीपर अमिषा गोल सोडून हेडर मारायला पुढे पळाली. म्हसळ्याचा बॉल खांबाला लागून परत आला म्हणून अब्रू वाचली. सरांनी डोळे मिटून देवीला हात जोडले. डोळे उघडून बघतात तर त्यांच्या पोरी समोरच्या संघाला नमस्कार करत होत्या. सरांनी हात जोडले म्हणजे सामना संपला, असा त्यांचा समज झाला होता.

"अगो, खेला ना!" कडेचे बाप ओरडले.

मध्यंतरानंतर सरांनी पुतळ्यासारखं उभं राहून पाहिलं, तर पोरीही पुतळ्यासारख्या उभ्या राहिल्या. शेवटी सरांचा धीर सुटला. ते तडक म्हसळ्याच्या गोलमागच्या फाटकाबाहेर गेले आणि एका ट्रेलरमागे उकिडवे बसले.

मैदानावर गलका उठला, की सर कान टवकारायचे. गोल झाला खरा, पण कुणाचा? विचारायची सोय नव्हती. पुन्हा गलका झाला. सरांना डोळ्यांसमोर भूगोलाचे नकाशे दिसू लागले.

शिट्टी वाजली तेव्हा सूर्य नुकताच बुडाला होता. सर पाय ओढत आत आले, तर भार्गवीबाई पेढा घेऊन समोर उभ्या!

"दोन-एक, सर! जागृतीनं सांगितलं मला. फाटकाकडे चालत जाऊन 'सगळ्या तिकडे चढाई करा' अशी खूण केलीत म्हणे. कमाल आहे! आता दुसऱ्या कोचचा प्रश्नच नाही."

बाई पुढे गेल्यावर सरांनी जागृतीला बाजूला घेतलं.

"खूण कसली गं? मी घाबरून पळालो होतो."

"ठावं हाय, सर."

"मग बाईंना खोटं का सांगितलंस?"

"तुमाला काढलं आसतं ना! आमाला न्हाय आवडलं आसतं ते." जागृती पायातल्या बुटाकडे बघत म्हणाली. "आनि नवा कोच मॅच चालू आसताना निघून जाईल, याची काय गॅरंटी?"

सरांनी घसा खाकरून हळूच विचारलं, "बरं, मग विभागाच्या मॅचला मी कुठं बसू?"