मिठागर ठुमका आणि हसूकाकांचं भिंग

आमचे शेजारी हसूकाका पेपर भिंगातून वाचतात. नजर अजून घारीची आहे. भिंग लागतं ते जाहिरातीतली चांदणी शोधायला. 'अटी लागू' म्हणणारी ती बारीकशी चांदणी सापडली की समाधानाने चहा मागतात. लग्नाची पत्रिका दिली तरी उलटसुलट करून विचारतात, "चांदनी कुठं हाय?"

गेल्या वर्षी आमच्या करंजाड्यात 'मिठागर ठुमका'ची साथ आली. सुकापूरच्या एका डान्स क्लासने फलक लावला: मिठागरातल्या कष्टकऱ्यांचं तीनशे वर्षांचं नृत्य, महिन्यात पोट आत. सोसायटीतल्या बायका संध्याकाळी गच्चीवर ठुमकू लागल्या. मीही. माझं पोट जागचं हललं नाही, ते असो.

काकांची अर्धी हयात मिठागरात गेलेली. "मिठावर कोन नाचतंय? पाय सोलतान," म्हणत ते भिंग घेऊन फलकाखाली उभे राहिले. चांदणी नव्हती, त्यामुळे संशय वाढलाच. आपल्या जुन्या गावी, जासईला जाऊन म्हाताऱ्यांना विचारून आले. असलं नृत्य कुणी पाहिलेलं नव्हतं. रविवारच्या मीटिंगमध्ये बिंग फोडतो, असं जाहीर करून त्यांनी क्लासवालीला गाठलं. साक्षीदार मी.

ती पोरगी पाच मिनिटांत कबूल झाली. "काका, तीनशे वर्षं जाहिरातवाल्यांनी घातली. स्टेप जासईच्या एका जुन्या हळदीच्या व्हिडिओतून उचलली." तिने मोबाइल पुढे केला. मांडवात एक बाई उजवा पाय दोनदा दाबून डावा ओढत नाचत होती.

काकांनी भिंग लावलं. बराच वेळ काढलं नाही.

"ही आमची पारू," ते म्हणाले. "मिठागराचा चिखल अशीच तुडवायची. हलदीत पन तेच पाय."

पारूकाकी जाऊन सहा वर्षं झालीत.

रविवारी मी पुढची खुर्ची धरली होती. काका उठले. "माज्याकडं पुरावा नाय," म्हणाले आणि बसले. लोक हसले. मी नाही. गच्चीवर तीस बायका पारूकाकीच्या पायांनी नाचत होत्या, आणि काकांना ते थांबवायचं नव्हतं.

तरी साथ दोन महिन्यांत ओसरलीच. क्लासच्या जागी मोमोजचं दुकान आलं. परवा दुपारी पापड वाळत घालायला गच्चीवर गेले, तर टाकीच्या आडोशाला काका एकटेच. उजवा पाय दोनदा, मग डावा.

मला बघून थांबले. "चुकतंय," म्हणाले. "डावा कसा न्यायची ती? तू शिकली व्हतीस ना?"

मी पापडाचं ताट खाली ठेवलं आणि ओढणी कमरेला बांधली.