दहा वर्षांत चाळीस लवा

अर्ज लिहावा तर मीच! उगीच नाही सांगत. लाहतीच्या विमा कंपनीत नऊ वर्षं मी फुटलेल्या खिडक्यांचे आणि हरणांना धडकलेल्या गाड्यांचे भरपाईचे अर्ज वाचलेत. कुठल्या अर्जाला ‘हो’ म्हणावंसं वाटतं, हे मला झोपेतही कळतं! त्यामुळे हेलसिंकीच्या व्यवस्थापन शाळेत शिकायचं ठरलं, तेव्हा कॉफीच्या सुट्टीत मी सगळ्यांसमोर जाहीर केलं, “मला प्रवेश मिळाला असं समजा!”

अडचण एकच होती. अर्जात विचारलं होतं, तुमचं दीर्घकालीन ध्येय काय? सगळे लिहितात, बड्या कंपन्यांचा सल्लागार होईन. मला उघडायचे होते तान्सिलवा! तळ्याकाठचा लाकडी नाचमंडप, उन्हाळ्यातला शनिवार, बँड आणि टँगो. आमच्या होंकालम्मी गावचा मंडप गेल्या वर्षी बंद पडला, तेव्हा मी ढसाढसा रडले होते. असे चाळीस बंद मंडप मला दहा वर्षांत पुन्हा सुरू करायचे होते. पण ते चालवायचे कसे, यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून तर शाळा हवी होती!

निबंध मावसभाऊ इल्पोला दाखवला. तो त्याच शाळेतून शिकून सल्लागार झालाय.

“अगं हेन्ना, ओळीओळीत नाच!” तो ओरडला. “तुला प्रवेश हवाय की जोडीदार?”

“पण ध्येयच ते आहे ना!”

“असू दे की. धंद्याच्या भाषेत सांग. क्षमता, उलाढाल, विस्तार! नाच काढून टाक!”

मुदत संपायला वीस मिनिटं उरली होती. मी कॉम्प्युटरला सांगितलं, ‘तान्सि’ दिसेल तिथे उडव. त्रेसष्ट ठिकाणी उडालं! अर्ज पाठवून मी मोकळी झाले.

आता आमच्या फिनिश भाषेची गंमत ऐका. तान्सि म्हणजे नाच, तान्सिलवा म्हणजे नाचाचा मंडप. आणि नुसतं ‘लवा’ म्हटलं, तर नाचणाऱ्याला मंडप आठवतो आणि व्यापाऱ्याला गोदामात मालाच्या खाली ठेवायची लाकडी चौकट, म्हणजे पॅलेट! मी पडले नाचणारी. मला काय शंका येणार?

मुलाखतीचं बोलावणं आलं आणि आठवडाभर माझं बूड खुर्चीला टेकेना. ऑफिसात मी उभ्यानेच जेवले. मुलाखतीच्या दिवशी समोर दोघं होते: प्राध्यापिका वुओरेला आणि कांगास नावाचे एक उद्योजक.

“अखेर लवांवर जीव टाकणारं कुणीतरी भेटलं!” कांगास भारावून म्हणाले. “लाकडी की प्लास्टिकचे?”

“लाकडीच! प्लास्टिकवर पाय घसरतो.”

“कामगारांची सुरक्षितता,” बाई पुटपुटल्या आणि त्यांनी लिहून घेतलं.

“एक लवा भार किती पेलेल?” कांगासांचा पुढचा प्रश्न.

“दोनशे माणसं सहज! उन्हाळी सणाला तीनशे. कठडे जरा फुगतात, एवढंच.”

कांगासांनी कागदावर आकडा लिहिला आणि लगेच खोडला.

“पण आकार नेहमीचाच ना?” कांगासांनी सावधपणे विचारलं. “ऐंशी बाय एकशेवीस सेंटीमीटर?”

“तेवढ्यात एकच जोडपं मावेल!” मी खिदळले. “तेही नवीन लग्न झालेलं!”

कांगास पोट धरून हसले. “धंदाही कळतो आणि विनोदही! बाई, यंदा चारशे अर्जांत सगळे सल्लागारच. माझं मत हिलाच!” आणि त्यांनी आपलं कार्ड पुढे सरकवलं.

कार्डावर लिहिलं होतं: कांगास पॅलेट कारखाना. मालक.

म्हणजे इतका वेळ हे गोदामातल्या लवांबद्दल बोलत होते! नुसतं गप्प बसायचं होतं! जागा हातात होती. पण माझा पाय टेबलाखाली थडथड उडायला लागला. बाईंच्या कपातली कॉफी बशीत सांडली.

“तुम्हाला बरं नाहीये का?” बाईंनी विचारलं.

“नाचाचे!” मी ओरडले. “लवा नाचाचे आहेत हो! पॅलेटमधलं मला काही कळत नाही! होंकालम्मीच्या मंडपात माझे आईबाबा एकमेकांना भेटले. आता तिथे कुलूप आहे, आणि मला ते सहन होत नाही!”

कांगासांनी कार्ड पुन्हा आपल्याकडे ओढलं.

“होंकालम्मी?” ते हळूच म्हणाले. मला वाटलं, चला, यांचंही प्रेम तिथेच जमलेलं दिसतंय!

“माझी बायको तिथूनच अकॉर्डियनवाल्याबरोबर पळाली,” ते म्हणाले.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. मी ते ऑफिसात सगळ्यांसमोर फोडलं. प्रवेश मंजूर! मी साहेबांना मिठी मारली. साहेब ओंडक्यासारखे उभे राहिले. मग मी खालचा परिच्छेद वाचला. ‘आपले दीर्घकालीन ध्येय “पॅलेट” असे नोंदले गेले आहे. शिफारस आणि मार्गदर्शन: श्री. कांगास. नोंद बदलायची असल्यास प्रवेश सोडून पुढील वर्षी नव्याने अर्ज करावा.’

पुढचं वर्ष? तोपर्यंत थांबायला माझ्यात कुठला दम! केली सही.

आता वर्गातली मुलं मला पॅलेटच्या शंका विचारतात. काल एकाला मी उत्तर दिलं. आणि सांगायला लाज वाटते, ते बरोबर निघालं!