फेस लावलेलं बीळ

एका जंगलात हवा इतकी दमट होती की पोपटांना उडताना पोहल्यासारखं वाटे. चैत्र सरला की खाडीवरून वाफ यायची आणि झाडांखाली ठाण मांडून बसायची. मग पाऊस येईपर्यंत सगळं जंगल जीभ बाहेर काढून असायचं.

मुलांनो, सरळ बसा. गोष्ट लहान आहे. मध्येच पाणी प्यायला उठायचं नाही.

त्या जंगलात मालोजी नावाचा एक साळिंदर राहत होता. शिकलेला नव्हता. बोलायचाही कमी. पण बीळ खणावं तर त्यानेच, असं सगळे म्हणत, आणि तसं म्हणत नसत तेव्हा तो स्वतः आठवण करून देई.

त्याच्या बिळाला दोन तोंडं होती. एक यायचं, एक पळायचं. आणि छताला, वाऱ्याच्या अंगाला, एक अरुंद भोक होतं. त्याला तिथे उसासा म्हणत. बीळ पुरं झालं की घरधन्याने शेवटी उसासा खणायचा, अशी त्या जंगलाची रीत होती. त्यातून कोणी ये-जा करत नसे. घरातली कोंदट हवा तेवढी वर निघून जाई. पण उसासा कशासाठी, हे कोणी कोणाला समजावलं नव्हतं. बापाने मुलाला सांगायचं, खण. मुलाने खणायचा.

गेल्या वैशाखात मालोजीचं एक पिल्लू उन्हाने गेलं.  यंदा त्याच्या बायकोला, हौसाला, पुन्हा दिवस गेले होते आणि बाळंतपण पुन्हा वैशाखातच यायचं होतं.

"यंदा बीळ गार पाहिजे," हौसा म्हणाली. "नाहीतर मी आईकडे जाते."

"दुसऱ्या खेपेला माहेरी?"

"खेप कितवी ते पिल्लाला कळत नाही. ऊन कळतं."

हौसाची आई डोंगरापलीकडे राहायची. मधली वाट बिबट्याची होती. मालोजी दोन दिवस नीट जेवला नाही.

अशात शेवाळेसाहेब आले.

शेवाळेसाहेब झाडबेडूक होते. अंगाने बोटभर, आवाजाने रेड्याएवढे. ते वरच्या पठारावरून आले होते. पठारावर हवा थंड आणि कोरडी असते. तिथे त्यांनी सगळ्यांच्या बिळांना आतून आपल्या अंगचा फेस लावून दिला होता आणि सगळे सुखी झाले होते, असं ते सांगत. पठारावर जाऊन विचारायला कोणाला सवड नव्हती.

वडाखाली सभा भरली. सरपंच भाऊसाहेब रानडुक्कर अध्यक्ष होते. साहेबांनी दोन करवंट्या घेतल्या. एकीला आतून फेस फासला. फेस फुगला, वाळला, पांगाऱ्याच्या लाकडासारखा हलका, पण टणक झाला. मग नदीतला एकेक गार दगड घेऊन दोन्ही करवंट्या त्यांनी उन्हात पालथ्या घातल्या, दगड आत. दुपार कलल्यावर उचलल्या. फेसातला दगड गार होता. दुसरा तापला होता.

सगळ्यांनी दगडाला हात लावून पाहिला. ज्यांना हात नव्हते त्यांनी नाक लावलं.

मागे रखमाआत्या घोरपड बसली होती. वयाने सगळ्यांत मोठी. "साहेब," ती म्हणाली, "आत दगडच होता ना?"

"हो आत्या."

"दगड श्वास घेत नाही."

सगळे हसले. भाऊसाहेब जास्त हसले, कारण ते पुढे बसले होते.

"तुम्ही स्वतः कशात राहता?" आत्याने विचारलं.

"मी पानावर. मोकळ्या वाऱ्यात. आमच्यात फेस फक्त अंड्यांसाठी."

"मग अंडी काय म्हणतात?"

"आजवर एकाही अंड्याची तक्रार आलेली नाही," साहेब म्हणाले, आणि टाळ्या पडल्या.

भाऊसाहेबांनी जाहीर केलं की फेस लावील त्याच्या दाराला हिरवं पान लागेल. ज्याच्या दाराला पान नसेल तो उघड्यावरचा समजला जाईल. मालोजीच्या सात पिढ्या जमिनीखाली राहिल्या होत्या. उघड्यावरचा हा शब्द त्याला काट्यासारखा बोचला, आणि साळिंदराला काटा बोचणं सोपं नसतं.

दुसऱ्या दिवशी साहेब त्याच्या बिळात उतरले. भिंतींना फेस लावला. पळायचं तोंड बुजवलं. यायच्या तोंडाला फेसाचं झाकण केलं. मग वर पाहिलं.

"हे काय?"

"उसासा."

"कशासाठी?"

मालोजीने विचार केला. "असतो."

"असतो ते दिसतंय. कशासाठी असतो?"

"बापाने खणला होता."

"त्यांनी कशासाठी खणला?"

"त्यांच्या बापाने खणला होता."

साहेब हळूच हसले. "मालोजीराव, सगळं ऊन इथून आत येतं. तुम्ही दाराला कडी लावता आणि छप्पर सताड उघडं ठेवता."

 अभिमानी प्राण्याकडे उत्तर नसलं की त्याला फार घाई होते.

"बुजवा," तो म्हणाला.

हौसा म्हणाली, "थांबा. सासूबाई म्हणायच्या, उसाशाखाली झोपलं की बरं वाटतं."

"बरं वाटतं हे कारण नाही," साहेब म्हणाले, आणि त्यांनी उसाशात फेस सोडला. तो फुगला आणि घट्ट बसला.

मोबदला म्हणून मालोजीने साहेबांना पावसात पोहण्यासाठी एक खड्डा खणून दिला. जंगलातला सगळ्यांत चांगला खड्डा. त्यातही त्याने कसर ठेवली नाही.

पहिले दोन दिवस बीळ गार होतं. हौसा माहेरचं नाव काढेनाशी झाली. मालोजी हिरव्या पानाखाली बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा जांभया देई.

तिसऱ्या दिवशी भिंतींना घाम सुटला. चौथ्या दिवशी तो ठिबकू लागला. पाचव्या दिवशी जमिनीवर पांढरी बुरशी आली आणि जुन्या कांद्यांसारखा वास सुटला. दोघांची डोकी जड झाली. मालोजी साहेबांना बोलवायला गेला.

साहेबांनी भिंत चाटून पाहिली. "तुम्ही आत श्वास घेता का?"

"घेतो."

"किती जण?"

"दोघं."

"तिथेच चुकतं. घर उत्तम आहे. तुमचा वापर बरोबर नाही. आत असताना गरजेपुरताच घेत जा."

"आणि बाळंतिणीने?"

"त्यांनीही. सवय लागते."

मालोजी आजूबाजूला विचारायला गेला. पाहतो तर भर दुपारी सगळं जंगल आपापल्या दाराबाहेर झाडाखाली बसलेलं. मुंगूस बसलेलं. ससे बसलेले. कोल्हीण पिल्लांना पानाने वारा घालत होती.

"आत गरम होतं का?" मालोजीने मुंगसाला विचारलं.

"छे. आत फार गार पडतं. म्हणून जरा ऊब घ्यायला आलो." मुंगसाच्या नाकावरून घाम टपकत होता. "तुमच्याकडे?"

"आमच्याकडेही फार गार," मालोजी म्हणाला आणि घरी आला.

साळिंदराची आणखी एक अडचण होती, ती पठारावर कोणाला आली नसावी. मालोजी वळला की त्याचे काटे फेसात रुतत. मग हौसाने पुढचे पाय धरून ओढायचं. एकदा तर तो जेवणाच्या वेळेपासून दुपार उलटेपर्यंत भिंतीला टांगून होता.

"पाहुणे आले तर सांगेन, नवीन बैठक केली आहे," हौसा म्हणाली.

"ओढ."

"ओढते. मला धाप लागली आहे. गरजेपुरताच श्वास घेते आहे ना मी."

त्यानंतर तिसऱ्या दिवशी, टळटळीत दुपारी, हौसाला कळा लागल्या.

ती आत होती. उठवेना. तोंड उघडं टाकून पडली होती आणि छाती भात्यासारखी चालली होती, पण भात्यात वारा नव्हता. मालोजीने धावत जाऊन दाराचं झाकण काढलं. काही झालं नाही. बाहेरची हवा दाराशी उभी राहिली. आत येईना.

"येत नाही," हौसा म्हणाली. "काहीच येत नाही हो."

मालोजी दाराकडे पाहत उभा राहिला. आतल्या हवेला जायला वाट नव्हती. ती जागा सोडल्याशिवाय बाहेरची येणार कुठे. बापाने काय खणलं होतं आणि आजोबाने का, ते त्याला तेव्हा कळलं. गेल्या वर्षीचं पिल्लूही आठवलं. त्या वैशाखात खाडीचा वाराच पडला होता, बिळाचा दोष नव्हता. आज वारा होता, झाडं हलत होती, आणि बीळ बंद होतं.

साळिंदर समोरून लढत नाही. तो पाठ फिरवतो, काटे उभे करतो आणि मागे धावतो. वाघसुद्धा त्या वेळी रस्ता सोडतो. मालोजी आत धावला, उसाशाच्या बुचाकडे पाठ केली आणि मागच्या पायांवर जोर देऊन वर धडक मारली.

काटे रुतले. त्याने हिसका दिला. पाच तुटले. पुन्हा धडक. पुन्हा हिसका. तिसऱ्या वेळी पाठीचं कातडं सोललं. सातव्या वेळी बुचातून उजेडाची एक काडी खाली आली. मग दुसरी. विसाव्या भोकाला दारातून वारा आत शिरला, हौसाच्या अंगावरून गेला आणि भोकांतून शीळ घालत वर निघून गेला.

हौसाने खोल श्वास घेतला. गरजेपेक्षा बराच जास्त.

ऊन उतरेपर्यंत दोन पिल्लं झाली. दोन्ही ओरडत होती. मालोजी दाराशी बसला. त्याच्या पाठीवर काट्यांपेक्षा कातडं जास्त दिसत होतं.

सकाळी शेवाळेसाहेब आणि भाऊसाहेब तपासणीला आले.

"मालोजीराव, तुम्ही फेसाला भोकं पाडलीत," साहेब म्हणाले. "हमी संपली."

"पान काढावं लागेल," भाऊसाहेब म्हणाले. "नियम आहे. मला वाईट वाटतं." त्यांनी पान काढलं आणि वाईट वाटत असल्यामुळे ते खाऊन टाकलं.

साहेब मात्र उसाशाखाली बराच वेळ उभे राहिले. वारा लागत होता. त्यांनी डोळे मिटले. मग डोळे उघडून भोकं मोजली. वीस.

चार दिवसांनी वडाखाली पुन्हा सभा भरली. साहेबांनी नवा फेस आणला होता. त्याला वीस भोकं होती. त्याचं नाव श्वासफेस. जुना फेस चांगलाच आहे, पण हा त्याहून पुढचा आहे, असं साहेब म्हणाले. दगडावर प्रयोग झाला. दगड समाधानी होता. जंगलाने नव्या फेसासाठी रांग लावली आणि जुना काढण्यासाठी दुसरी. बाहेर बसायचं आता सगळ्यांना कारणच मिळालं.

साहेब मालोजीकडेही आले. "तुमची भोकं घरगुती आहेत. अंतर सारखं नाही. ती बुजवू आणि तिथेच नवी पाडून देऊ. पान परत मिळेल."

"त्याच जागी?"

"त्याच."

"वीसच?"

"वीसच. पण रीतसर."

मालोजी आत गेला आणि नखांनी फेस खरवडू लागला. भिंतीचा, पळायच्या तोंडाचा, उसाशाचा. तीन दिवस खरवडला आणि खाडीत टाकला. माती उघडी पडली. बुरशी वाळून गेली. हौसा उसाशाखाली पिल्लं घेऊन झोपू लागली.

तेव्हापासून जंगलात मालोजीला उघड्यावरचा म्हणतात. सभेला बोलवत नाहीत. त्याच्या दारावरून जाताना आईबाप पिल्लांना थांबवून दाखवतात, "पाहा, सुधारायचं नाही म्हटलं की अशी गत होते."

पिल्लं पाहतात. त्यातली बरीचशी त्याच बिळात जन्मलेली असतात. कारण वैशाख आला की कोल्हीण येते, मुंगशीण येते, भाऊसाहेबांची मंडळीसुद्धा येते. सगळ्या पळायच्या तोंडाने येतात, म्हणजे कोणी पाहू नये.

परवा भाऊसाहेबांच्या मंडळींनी जाताना मालोजीला बजावलं, "इथे आले होते हे ह्यांना सांगू नका हं भावजी. त्यांना आमचं घर फार आवडतं."

"नाही सांगत," मालोजी म्हणाला. "सरका थोड्या. वारा अडतोय."

तात्पर्य: शहाण्याने आपल्या घरातली फुकटची भोकं आधी बुजवून घ्यावीत आणि मग तीच रीतसर पाडून घ्यावीत, म्हणजे दाराला पान लागतं. ज्याचं घर मुळातच बरं असतं त्याला जगात मान मिळत नाही. त्याला फक्त पाहुणे मिळतात.