ढोलेकाकांना एक थेंब रक्त हवंच

लोक भेटले की नमस्कार म्हणतात, सत श्री अकाल म्हणतात. ढोलेकाका म्हणतात, "ताप?" बस, एवढंच. नाही म्हटलं की त्यांचं तोंड उतरतं, आहे म्हटलं की असे खूश होतात की आपल्यालाच वाटतं, बरं झालं बाई ताप आला.

ते मलेरिया खात्यात, मूळचे अकोल्याचे. दर पंधरा दिवसांनी आमच्या गल्लीत, पंजाबी मुलखातल्या मनीमाजऱ्यात, सायकल घेऊन यायचे, कोणाला ताप असला की बोटाला सुई टोचून काचेच्या पट्टीवर थेंबभर रक्त घ्यायचे, आणि दाराशेजारी भिंतीवर तारीख लिहून जायचे. तेव्हा तिकडे अतिरेक्यांचे दिवस होते, दार वाजलं तरी मी आतून आणखी एक कडी घालायची. स्कूटरवर दोघं अनोळखी दिसले की मी माझ्या लेकीला, पिंकीला उचलून मोरीत जाऊन बसायची. काकांना हे ठाऊक, म्हणून ते कोपऱ्यापासूनच हाका मारत यायचे, हिंदीत, पंजाबीत, आणि आमच्या दारासमोर मराठीत, "मलेरियावाला हाय वो, भिऊ नका."

एकदा नाक्यावर शिपायांनी त्यांची पेटी उघडली, आत सुया आणि काचा, झालं, चौकीत बसवलं. तासाभराने काका बाहेर आले ते तीन शिपायांचं आणि एका हवालदाराचं रक्त घेऊन. हवालदाराला नुसती सर्दी होती.

पण लोक त्यांना कंटाळले होते. दोन वर्षांत गल्लीत एकालाही मलेरिया नाही, मग कशाला बोट टोचून घ्यायचं? आमची घरमालकीण, तिला सगळे बीजी म्हणतात, ती म्हणायची, इथं माणसं बंदुकीने मरतायत आणि हा मच्छर शोधतोय. काका तिच्या कूलरचं पाणी ओतून देत म्हणायचे, "बीजी, मलेरिया खतम नहीं हुआ, छुपा है." भर उकाड्यात कूलर कोरडा, मग बीजी जे बोलायची ते मला लिहिता येणार नाही, आणि पंजाबीत म्हणून निम्मं कळायचंही नाही.

गडबड वाढली तसं काकांनी बायकोपोरांना अकोल्याला पाठवून दिलं. तुम्ही का नाही गेलात, मी विचारलं. म्हणाले, शेवटचा तापवाला सापडला की जातो.

आणि तो सापडला आमच्याच घरात. माझी पिंकी, दोन वर्षांची, एक दिवस बरी, एक दिवस अंगाची नुसती भट्टी. काकांनी तिच्या पायाच्या अंगठ्यातून रक्त नेलं आणि तिसऱ्या दिवशी कागद घेऊन हजर. मलेरियाच निघाला. मी रडायला लागले, ते म्हणाले, रडू नको, होते बरी, आणि गुळात कडू गोळी कुस्करून त्यांनीच तिला चाटवली. मग पेन्सिल काढली.

"आता सांग पोरी, दोन महिन्यांत घरी कोन आलतं? कुठून? किती दिस राह्यलं?"

मी पिंकीचं अंगडं सारखं करत बसले. हेच प्रश्न, अगदी हेच, पोलीस ठाण्याचा माणूस विचारून गेला होता. भाडेकरूकडे पाहुणा आला की नाव कळवायचं असा हुकूम होता, आणि आम्ही कळवलं नव्हतं. माझा मोठा भाऊ, नामदेवदादा, चांद्याकडच्या जंगलातलं काम सुटलं म्हणून आला होता, महिनाभर राहिला, दोनदा थंडीतापाने कुडकुडला, बरा झाला आणि पंचकुल्याला एका इमारतीच्या कामावर गेला, आता तिथेच झोपतो. आमच्या ह्यांनी बजावलं होतं, कुठं बोललीस तर त्याला उचलून नेतील.

"कोणीच नाही आलं, काका."

"म्हंजे ताप इथल्याच डासाचा हाय," ते म्हणाले आणि कामाला लागले. चार दिवस गल्लीची दशा करून टाकली. सगळ्यांची बोटं टोचली, कूलर, माठ, कुंड्यांखालच्या ताटल्या पालथ्या घातल्या, दूधवाल्याच्या म्हशीचा हौद उपसला, ती म्हैस दिवसभर ओरडत होती आणि दूधवाला तिच्यापेक्षा जास्त. मी खिडकीच्या फटीतून बघायची.

पाचव्या दिवशी काका आमच्या पायरीवर येऊन बसले, चेहरा एवढासा. गल्लीत दुसरा तापवाला सापडला नव्हता, आणि त्यांचे साहेब म्हणाले होते, हद्दीत मलेरिया निघाला म्हणजे ढोले म्हातारा झाला, ड्यूटीवर झोपतो.

"मले साहेबाचं काही नाही," ते म्हणाले. "पन ज्याच्याकून हा आला, त्याच्या आंगात तो अजून हाय. त्याले वाटते आपन बरे झालो. मंग पुन्हा हुडहुडी भरते, आन् जवळ कोनी नसते."

मला दादाच दिसला, गोणपाट पांघरून विटांमागे पडलेला. सगळं सांगून टाकलं, एका दमात, आणि पदर तोंडात धरून बसले की आता पोलीस येणार. काकांनी कागदावर लिहिलं, भाऊ, चांदा जिल्हा. म्हणाले, हा कागद ठाण्यात जात नाही, ह्यात फक्त ताप कुठून आला ते असतं.

पण पंचकुला पडलं हरियाणात, काकांची हद्द अलीकडेच संपते. तिकडच्या खात्याला पत्र टाकायचं तर पोचेपर्यंत दिवाळी. डास काय पत्राची वाट पाहतो, म्हणाले, आणि ड्यूटी संपल्यावर स्वतःच सायकल मारत गेले. पाच दिवस, मधे बंद होता त्या दिवशीसुद्धा. दादाला समोर गोळी गिळायला लावायची, जीभ उचलून बघायची.

पुढच्या रविवारी दादा घरी आला. ह्यांनी त्याला नेऊन ठाण्यात नाव लिहून दिलं, शिपायाने मान वर करूनही बघितलं नाही. पिंकी मामाच्या मांडीवर खेळत होती. मी भीत भीत विचारलं, काका फार रागावले का रे?

"रागावते कुठं," दादा म्हणाला. "गोळी देल्ली तरी उठत नाही. इचारते, तुमच्याकडं कापूस फुटला असन का. म्या दोनदा सांगतलं, आमच्याकडं धान होते. तरी रोज कापसाचंच इचारते."

सहाव्या दिवशीही आले, म्हणाला. पेटी नाही, काचा नाही, नुसती सायकल. दादाने त्यांना आठवण करून दिली, काका, गोळ्या तर काल संपल्या.

"माहीत हाय," काका म्हणाले आणि चुलीजवळच्या विटेवर बसले. मग दादाने आधणात आणखी एक मूठ तांदूळ टाकला.