गिअर नसलेल्या गाडीचे तेल

जळगावच्या केळी सुधार प्रकल्प कार्यालयात १९८६ साली एक गाडी, एक ड्रायव्हर आणि एकोणीस कर्मचारी होते. पैकी गाडी आणि ड्रायव्हर काम करीत. मी उरलेल्या एकोणिसांपैकी एक, टंकलेखक जीवराम. या प्रकरणातला प्रत्येक कागद माझ्या टाइपरायटरमधून गेला असल्याने जे सांगतो ते अधिकृत समजावे.

गाडी परदेशी होती आणि म्हातारी होती. केळीच्या रोगांवर सल्ला द्यायला आलेल्या एका गोऱ्या तज्ज्ञाने ती मुंबईत जुनीच घेतली, तीन वर्षे वापरली आणि परत जाताना कार्यालयाला भेट दिली. रोग मात्र जिथल्या तिथे राहिले. या गाडीला क्लच नव्हता. गिअर माणसाने बदलायचे नसत, गाडी ते आपले आपण बदले. सीटशेजारच्या दांडीवर काही इंग्रजी अक्षरे आणि आकडे होते. दांडी 'डी'वर ठेवली की गाडी पुढे चाले. आमचे संचालक लीलाधर भंगाळे साहेब यांनी 'डी' म्हणजे डायरेक्टर असा अर्थ लावला, आणि आपण गाडीत नसताना 'डी'चा वापर करू नये असा लेखी आदेश काढला. त्यामुळे ड्रायव्हर अभिमन सुरवाडे एकटा असला की गाडी 'दोन'वर हाकायचा. इंजिन बोंबलायचे, रस्त्यावरची माणसे वळून बघायची, पण शिस्तभंग होत नसे.

अभिमन नऊ वर्षांपासून रोजंदारीवर होता. त्याला कायम करण्याचा प्रस्ताव पुण्याच्या मुख्य कार्यालयात गेला होता आणि बायको कुंदाबाई दर महिन्याला त्या प्रस्तावाची तब्येत विचारायची. माणूस गाडीवर जीव टाकणारा. गोऱ्या तज्ज्ञाने त्याला एक गोष्ट पक्की शिकवली होती: गाडी गरम असताना, इंजिन चालू ठेवून, गिअरच्या तेलाची पट्टी बाहेर काढून बघायची. तेल लाल दिसले तर ठीक. तपकिरी झाले तर बदलायचे. जळका वास आला तर फार वाट बघायची नाही.

मार्चमधल्या एका सकाळी तो पट्टी पुसलेले पांढरे फडके घेऊन मुख्य लिपिक रुपचंद वाणी यांच्या टेबलापाशी आला.

"भाऊसाहेब, गिअरचं तेल बदलावं लागेल. वास घेऊन बघा."

वाणींनी वास घेतला, नाक पुसले आणि म्हणाले, "अर्ज कर."

अर्ज झाला. तीन आठवड्यांनी त्यावर शेरा आला. नोंदवहीत या गाडीपुढे 'गिअर' या रकान्यात 'हाताने टाकायचे नाहीत' अशी नोंद होती. त्यातले शेवटचे 'नाहीत' वाणींनी लाल शाईने अधोरेखित केले होते. ज्या वाहनास गिअर नाहीत त्यास गिअरचे तेल कोणत्या नियमान्वये लागते, याचा खुलासा मागवला होता.

"गिअर आहेत, भाऊसाहेब," अभिमन म्हणाला. "पण आत आहेत. दिसत नाहीत."

"जे दिसत नाही त्याला तेल मंजूर करता येत नाही."

"तुमचं पोटही आतच आहे. दुपारी डबा उघडताच ना?"

वाणींनी डब्याचे झाकण लावले. 'वरिष्ठांच्या पोटाविषयी अनुचित उद्गार' या विषयाची एक स्वतंत्र फाइल त्याच दिवशी उघडली गेली. तेलाची फाइल तिच्याखाली ठेवण्यात आली.

पावसाळ्यानंतर वाहनाची प्रत्यक्ष तपासणी करायला एक तपासणी अधिकारी आले. त्यांच्याकडे छापील तक्ता होता आणि तो जीपसाठी छापलेला होता. चाके पाच. बरोबर. हॉर्न एक. बरोबर. पायांखालची पेडले तीन. त्यांनी वाकून मोजली, चष्मा पुसून परत मोजली. दोनच भरली. तक्त्यात त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिले: 'क्लच पेडल गहाळ.'

दुसऱ्या दिवशी अभिमनला कारणे दाखवा नोटीस निघाली. सदर पेडल आपण कधी, कोठे व कोणास दिले? ती हातात घेऊन तो हसत हसत माझ्या टेबलाशी आला. मीही हसलो. मग त्याची नजर शेवटच्या ओळीवर गेली: समाधानकारक खुलासा होईपर्यंत कायम करण्याचा प्रस्ताव स्थगित ठेवण्यात येत आहे.

"जीवरामभाऊ," तो हळू म्हणाला, "जे नव्हतंच ते मी परत कुठून आणू?"

मी त्याला उत्तर टाइप करून दिले: 'सदर पेडल वाहनास जन्मापासून नाही.' त्यावर वाहनाचा जन्मदाखला मागवण्यात आला. गाडी कुठल्या देशात जन्मली यावर दोन महिने गेले. शेवटी वाणींनाच दया आली. त्यांनी अभिमनला कोपऱ्यात घेतले.

"अरे, भंगारात एखाद्या जीपचं पेडल मिळेल. आणून बसव. तपासणी होईल, तीन भरतील, विषय संपेल."

अभिमनने भंगार बाजारातून पेडल आणले आणि तळाच्या पत्र्यावर वेल्डिंग करून बसवले. ते कशालाच जोडलेले नव्हते. दाबले तर दाबले जातही नसे. तपासणी अधिकारी आले, त्यांनी मोजले, तीन भरली. अहवाल आला: 'गहाळ पेडल ड्रायव्हरने परत आणून बसवले असल्याने ते त्यानेच नेले होते हे निर्विवाद सिद्ध होते.' अभिमनच्या सेवापत्रकात ताकीद चढली.

एक फायदा मात्र झाला. गाडीला आता क्लच होता, अर्थात गिअर होते, अर्थात गिअरचे तेल नियमात बसत होते. तेलाची फाइल पोटाच्या फाइलीखालून निघाली आणि पुण्याकडे रवाना झाली. मागणीत तेलाचा प्रकार लिहायचा होता. अभिमनने तज्ज्ञाच्या पुस्तकातले लांबलचक नाव कागदावर उतरवून आणले. वाणींनी ते खोडले आणि 'नव्वद नंबर' लिहिले, कारण जिल्ह्यातल्या सगळ्या सरकारी जीपमध्ये नव्वद नंबरच पडते आणि एकाच गाडीचे लाड केले तर इतर गाड्यांवर अन्याय होतो.

पुण्याला फाइल चौदा महिने राहिली. इकडे गाडी थकत चालली. दांडी 'डी'वर टाकली की ती क्षणभर विचार करी, मग धक्का देऊन निघे. चढावर इंजिन पळे आणि गाडी जागच्या जागी राही. साहेबांना ते आवडू लागले होते. कार्यालयाशी तिचा स्वभाव जुळला, असे ते पाहुण्यांना सांगत.

अभिमनला हे बघवेना. एकदा धुळ्याला टपाल पोचवायचे होते. मीही सोबत होतो. टपाल देऊन त्याने गाडी आग्रा रोडवरच्या भटू मिस्तरीच्या गॅरेजात घातली. भटूने कुवेतला सहा वर्षे असल्याच गाड्या उघडल्या होत्या. त्याने पट्टी ओढली, बोटावर थेंब घेतला, वास घेतला आणि अभिमनकडे असे पाहिले की जणू त्याने आईला उपाशी ठेवले होते.

"भाऊ, हाई तेल नही शे. हाई काढा शे."

"नव्वद नंबर मागवलंय," अभिमन म्हणाला.

"नव्वद? आते मारी टाक ना तिले! नव्वद टाकं ते गाडी जागावरच मरी जाई."

त्याने खालचे पातेले उतरवले, जाळी धुतली, नवे वायसर बसवले. काळे पाणी परातीत पडले. भटूने कुवेतहून आणलेले दोन डबे फोडले. कुंकवासारखे लाल, पातळ तेल पट्टीच्या नळीतून उतरत गेले.

"जुनं बठ्ठं निंघत नही," त्याने बजावले. "अर्धं पोटमा ऱ्हास. महिनाभर चालाड, मंग परत ये."

मोबदला म्हणून अभिमनने सासुरवाडीच्या मळ्यातले केळीचे दोन घड आणले होते, ते दिले. महिन्याने पुन्हा टपाल निघाले, पुन्हा तेल निघाले, पुन्हा लाल भरले. त्या दिवशी पारोळ्याच्या पुढे रस्ता मोकळा होता. मला विचारून, माझीच परवानगी घेऊन, अभिमनने दांडी 'डी'वर टाकली. गाडी आवाज न करता पळू लागली. अभिमन एरंडोलपर्यंत गुणगुणत होता.

मे १९८८ मध्ये पुण्याहून मंजुरी आली, आणि तिच्यासोबत नव्वद नंबरचा डबाही आला. अभिमन धावत साहेबांच्या खोलीत गेला.

"साहेब, हे घालू नका. आतलं तेल ताजं आहे. मी बदलून घेतलंय."

"कुणाच्या परवानगीनं?" भंगाळे साहेबांनी विचारले.

"गाडी मरत होती, साहेब."

"गाडी मेली असती तर नियमानं मेली असती. आता ती नियमाबाहेर जिवंत आहे, हे तुला कळतं का?"

वाणींनी पुढचा मुद्दा मांडला. मंजूर तेल वापरले नाही तर पुढच्या वेळी मागणी खोटी ठरते. सबब ते वापरलेच पाहिजे.

अभिमनने तेल भरायला नकार दिला. नऊ वर्षांत, नव्हे आता अकरा वर्षांत, तो पहिल्यांदाच नाही म्हणाला. मग शिपाई भिकनने खालचा बोल्ट काढला. लाल तेल अंगणात वाहिले. साहेबांनी नारळ फोडला. नव्वद नंबर इतके जाड की नरसाळ्यातून उतरायला दुपार झाली. अभिमन तोवर गाडीकडे पाठ करून कुंपणाशी उभा होता.

दुसऱ्या दिवशी पहूरला केळी उत्पादकांचा मेळावा होता. साहेब गाडीत असल्याने दांडी नियमाप्रमाणे 'डी'वर होती. नेरीच्या पुढे गाडीच्या पोटातून कण्हण्याचा आवाज आला, मग धूर आला, मग काहीच आले नाही. साहेब उरलेले अंतर केळीच्या ट्रकमध्ये घडांवर बसून गेले आणि मेळाव्यात त्यांनी वेळेवर निगा राखण्याचे महत्त्व या विषयावर पाऊण तास भाषण केले.

चौकशी लगेच झाली. मसुदा माझ्याकडे टाइपला आला: 'ड्रायव्हरने परस्पर, अनधिकृतपणे लाल रंगाचा संशयास्पद द्रव भरल्यामुळे वाहन निकामी झाले. मंजूर तेलाने ते वाचवण्याचा कार्यालयाने प्रयत्न केला, परंतु उशीर झाला होता.' मी टाइप केले. शुद्धलेखनाची एकही चूक केली नाही.

पंचनाम्यावर पाच सह्या हव्या होत्या. भंगाळे साहेबांची झाली, वाणींची झाली, तपासणी अधिकाऱ्यांची झाली. चौथी माझी होती. अभिमन दाराशी उभा होता. लाल तेल मी डोळ्यांनी पाहिले होते, भटूचे बोलणे कानांनी ऐकले होते, गाडी पळालेली त्याच्याशेजारी बसून अनुभवली होती, हे त्याला माहीत होते. मी सही केली. माझ्या बढतीचा कागद त्याच टेबलावर होता. अभिमनने नजर काढून घेतली, आणि ती त्याने पुन्हा कधी माझ्याकडे दिली नाही. आठ दिवसांत त्याला कमी केले. तो आणि कुंदाबाई धुळ्याला गेले. भटूच्या गॅरेजात तो चांगला मिस्तरी झाला, असे ऐकतो. मी विचारायला गेलेलो नाही.

पण पाचव्या सहीचे सांगायचे राहिले. ती बाहेरच्या, निःपक्षपाती नागरिकाची लागते. भिकन रस्त्यावर गेला आणि एका सभ्य गृहस्थाला घेऊन आला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात मेथीची जुडी असलेली पिशवी. त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. चहा होईपर्यंत ते बोलत होते. सरकारी कचेऱ्यांत कसा अंधार आहे, फाइली कशा कुजतात, प्रामाणिक माणसाचा कसा बळी जातो, आणि लोक हे सगळे मुकाट्याने कसे चालू देतात. फार मार्मिक बोलले. आम्ही सगळे हसलो. मग त्यांनी घड्याळ बघितले.

"साहेब, एकदा वाचून तर बघा," दारातून अभिमन म्हणाला.

"वाचत बसायला वेळ कुणाला आहे?" गृहस्थ म्हणाले, आणि पेन उघडून वाणींकडे वळले. "कुठे करू?"

पंचनाम्याची प्रत अजून माझ्याजवळ आहे. चार सह्या स्पष्ट आहेत. पाचवी घाईत केलेली आहे, नाव काही केल्या लागत नाही. आपण इथवर हसत हसत वाचत आलात, म्हणून एक विनंती. एखाद्या कोऱ्या कागदावर जरा आपली सही करून दाखवता?