नित्याच्या यादीतले आठ

व्हॉट्सॲपवर लेकीची यादी आली आणि शिवप्रसादरावांनी ती वाचायच्या आधी मोजली. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, पॉवर सप्लाय, कूलर, कॅबिनेट. आठ. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा खालून वर मोजलं. आठच भरले. ते तसेच स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

"भारती, आठ आहेत गं."

"कोण आठ? मी दोघांचाच भात टाकलाय."

"पाहुणे नव्हेत. नित्याच्या कंप्युटरचे भाग. मोजून आठ."

"मग असूं देत की!" भारतीबाईंनी कढीलिंब फोडणीत टाकला. "तुम्हांस कशाची भीती वाटत नाही तेवढंच सांगत जा. लवकर आटपेल."

आता शिवप्रसादराव भित्रे होते हे खरं, पण ही भीती काही त्यांनी एकट्याने शोधून काढलेली नव्हती. आठ हा शनीचा आकडा. अख्ख्या कुंभकोणमात बेरीज आठ येणाऱ्या नंबरची गाडी कुणी सुखासुखी घेत नाही. त्यात रावांची रास सिंह. ब्रह्मदेवाच्या कचेरीत कुणाचा तरी कागद चुकून यांच्या फायलीत गेला असावा, दुसरं काय! आणि त्या सिंहाच्या आठव्या घरात शनी येऊन बसलेला. "अडीच वर्षं आठाच्या वाऱ्याला उभं राहू नका," असं रामलिंग ज्योतिषांनी बजावलं होतं. तेव्हापासून राव बसचं तिकीटसुद्धा बेरीज करून मगच खिशात घालत. शिवाय नोकरी आडुतुरैच्या विमा कचेरीत, भरपाईच्या टेबलावर. कुणाचं घर कशाने जळलं हे रोज सात तास वाचणारा माणूस धीट राहील तरी कसा?

नित्या तिरुचीला इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. चौघी मुलींचा संघ करून ती कंप्युटरवर सामने खेळायची, आणि चांगली खेळायची. येत्या रविवारी दहाला त्यांचा निवडीचा सामना होता. जिंकल्या तर पुढे चेन्नई. तिचं जुनं यंत्र ऐन लढाईत धापा टाकायचं, म्हणून नवं हवं होतं. असलं यंत्र ही मंडळी तयार घेत नाहीत. एकेक भाग निवडून आणतात आणि घरी जोडतात. पोंगलच्या सुटीत तिने पहिली यादी दिली तेव्हा वडलांनी ती अर्ध्यावरच परत केली होती. "साडेसातशे वॅट? ही इस्त्री आहे का गं? घर पेटवायचंय?" पोरगी वाद न घालता उठून गेली होती. आता ही दुसरी यादी होती, लहान मालाची, आणि शेवटी एक ओळ: 'अप्पा, शनिवारी येते आणि जोडते. एकही भाग बदलायचा नाही हं. शपथ आठवते ना?'

आठवत होती. न आठवायला काय झालं! दोन वर्षांपूर्वी हॉस्टेलात नित्याला सव्वीस नंबरची खोली मिळाली. दोन आणि सहा आठ, म्हणून रावांनी वॉर्डनबाईंना परस्पर गाठून ती सत्तावीस करून घेतली. सत्तावीसच्या भिंतीला लागून जनरेटर होता. नित्या महिनाभर वडलांशी एक अक्षर बोलली नाही. शेवटी गोविंदपुरमच्या विठोबासमोर उभं करून तिने त्यांच्याकडून शपथ घेतली होती: तिच्या कुठल्याही गोष्टीत तिला विचारल्याशिवाय बदल करायचा नाही. तो महिना रावांना अजून स्वप्नात यायचा.

म्हणजे आता एकीकडे शनी आणि एकीकडे विठोबा. मधोमध शिवप्रसादराव, हातात पिशवी घेऊन.

त्यांनी विचारायचं ठरवलं. तीनदा फोन लावला, तिन्ही वेळा बंद. प्रॅक्टिकल परीक्षा चाललेली असणार. "आतां काय करूं?" असं त्यांनी भारतीबाईंना विचारलं. भारतीबाई म्हणाल्या, "जावा आणि घेऊन या. दुकान बंद होईल." त्या असं म्हणताना भलत्याच शांत होत्या, पण रावांचं तिकडे लक्ष नव्हतं.

महामहम तळ्याजवळच्या गल्लीत स्वामीनाथचं कंप्युटरचं दुकान. घरात पूर्वजांची जुनी मराठी, पण घराबाहेर पाऊल टाकलं की रावांची भाषा तमिळ व्हायची, आणि तमिळमध्ये त्यांना जरा धीर असायचा. "स्वामीनाथ, या यादीत आठ वस्तू आहेत. नऊ करता येतील का?"

स्वामीनाथला जरासुद्धा नवल वाटलं नाही. कुंभकोणमचाच माणूस तो. "एक यूपीएस घ्या की सार. वीज गेली तर मशीन बंद पडणार नाही. नऊ झाले."

काय सोपं होतं! राव मोकळेपणाने हसले. यूपीएस घेतल्याने यादीत बदल कुठे झाला? भर पडली. विठोबाला एवढा फरक कळतोच. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि स्वामीनाथ एकेक खोकं काढून वाचायला लागला.

"प्रोसेसर. आठ कोअरचा."

"काय?"

"म्हणजे आतमध्ये आठ मेंदू आहेत सार."

रावांचं हसू जागच्या जागी विझलं. "सहाचा दे."

"सहाचा कालच संपला. बाराचा आहे."

एक आणि दोन तीन. तीन म्हणजे गुरू. एक भाग बदलला तर विठोबा समजून घेईल, पण आठ मेंदूंचा शनी घरात कसा न्यायचा? "बाराचा काढ," ते हलक्या आवाजात म्हणाले.

"मग मदरबोर्डही वरचा लागेल. त्या बोर्डाला हा पेलणार नाही. आणि कूलर मोठा. बारा मेंदू तापतात." स्वामीनाथने दोन खोकी परत ठेवून दोन नवी काढली. "रॅम. आठ जीबीच्या दोन पट्ट्या."

"आठ आणि वर आठ!" रावांनी छातीवर हात ठेवला. "अय्यो, जोडीने आलाय की!"

"सोळाच्या दोन देऊ? बत्तीस होतील. एसएसडी पाचशे बाराची."

पाच, एक, दोन. राव खुर्चीवरून उठले. हा तर वेषांतर करून आला होता! "ही नको. दुसरी!"

"एक टीबी आहे."

"एक चालेल. एक म्हणजे सूर्य."

"ग्राफिक्स कार्ड, आठ जीबी," असं म्हणून स्वामीनाथने ते खोकं न सांगताच परत ठेवलं आणि बारा जीबीचं काढलं. ते कार्ड चांगलं दीड वीत लांब होतं आणि त्याला तीन पंखे होते. ते यादीतल्या कॅबिनेटमध्ये मावेना. म्हणून कॅबिनेट मोठं आलं. एवढ्या सगळ्याला यादीतला पॉवर सप्लाय पुरेना. "साडेसातशे वॅटचा लागेल," स्वामीनाथ म्हणाला.

साडेसातशे! राव मनातल्या मनात एका जळीत घराच्या पंचनाम्यापर्यंत पोचले. मग त्यांनी बोटांवर बेरीज केली. सात आणि पाच बारा, एक आणि दोन तीन. आग लागेल की नाही हे अजून नक्की नव्हतं. शनी मात्र नक्की होता. "घाल," ते म्हणाले. जवळची रोकड संपल्यावर वरचे पैसे त्यांनी बँकेच्या कार्डावरून भरले आणि रिक्षात नऊ खोक्यांच्या मध्ये अंग चोरून बसले. गाडी चक्रपाणी देवळाच्या कोपऱ्यावर आली तेव्हा त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नित्याने लिहिलं होतं, एकही भाग बदलायचा नाही. त्यांनी आठच्या आठ बदलले होते.

त्यानंतरचे दोन दिवस रावांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. कचेरीत एका गोठ्याच्या भरपाईवर त्यांनी 'बारा मेंदू' असं लिहिलं आणि मग खोडलं. रात्री अंथरुणात उठून बसत. हे भाग एकमेकांना जुळले नाहीत तर? यंत्र सुरूच झालं नाही तर? पोरीचा सामना बुडाला, चौघींचं चेन्नई बुडालं, आणि मग ती बोलायची थांबली तर? मागच्या वेळी महिनाभर थांबली होती. एका खोलीसाठी महिना, तर आठ भागांसाठी किती, हा हिशेब त्यांना करवेना.

"तिला सांगून मोकळे व्हा," भारतीबाई म्हणाल्या.

"सांगतों. ती आली की लगेच सांगतों."

शनिवारी दुपारी ती आली, आणि राव लगेच म्हणाले, "कॉफी घे."

नित्याने सतरंजी अंथरली आणि खोकी फोडायला बसली. राव भिंतीला टेकून उभे. आता ओरडेल, आता ओरडेल, म्हणून त्यांनी डोळे अर्धे मिटून घेतले होते. तिने प्रोसेसरचं खोकं हातात घेतलं, वाचलं, आणि काही बोलली नाही. रॅम वाचली, काही बोलली नाही. ते तीन पंख्यांचं धूड बाहेर काढलं, उलटंपालटं केलं आणि खाली ठेवलं. शब्द नाही! जनरेटरच्या वेळीही असंच सुरू झालं होतं.

"पाणी देऊ का, कण्णा?" त्यांनी विचारलं.

तिने नुसती मान हलवली. दातांत स्क्रू धरला होता म्हणून बोलली नाही, पण ते रावांना कुठे दिसत होतं! दोन तास ती जोडत होती आणि दोन तास राव विष्णुसहस्रनामातलं जेवढं आठवेल तेवढं म्हणत होते. शेवटी तिने वायर लावली, बटण दाबलं. एक क्षण काहीच झालं नाही. तेवढ्या क्षणात रावांनी खोलीतल्या सगळ्या जळण्यासारख्या वस्तू मोजल्या. मग पंखे फिरले, आत निळा उजेड पडला आणि पडद्यावर अक्षरं आली.

चाललं! आणि यंत्र चालल्याबरोबर रावांचा धीर सुटला.

"नित्या, मी सगळं बदललं गं! एकूण एक! आठ होते म्हणून नऊ केले, मग आतही आठच निघाले. फोन लावला होता, लागला नाही. मज क्षमा कर, पण बोलणं टाकूं नको. हवं तर ओरड. मार हवं तर. पण बोल!"

नित्याने दातातला स्क्रू काढला. वडलांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि जी हसत सुटली ती थांबेचना. भारतीबाईंनी पदर तोंडाला लावला होता. त्यांचे खांदे हलत होते.

"अप्पा," तिने फोन पुढे धरला, "ही पोंगलची यादी. जी तुम्ही परत केलीत ती."

रावांनी वाचली. बारा कोअर. बत्तीस जीबी. बारा जीबीचं कार्ड. एक टीबी. साडेसातशे वॅट. आणि शेवटी यूपीएस. त्यांनी समोरची रिकामी खोकी एकेक करून पाहिली. ओळीने ओळ तीच.

"तुम्ही मोठं मशीन आगीच्या भीतीने कधीच घेतलं नसतं," नित्या म्हणाली. "म्हणून दुसऱ्या यादीत मी शोधून शोधून आठ भरले. पाचशे बारा सुचायला मला एक रात्र लागली! स्वामीनाथअण्णाला सांगून ठेवलं होतं, सहाचा माल काढायचा नाही, आणि नववा म्हणून यूपीएस सुचवायचा. फोन मीच बंद ठेवला."

"आणि तुझी आई?"

"तुम्हांस दुकानात ढकलायचं काम तिचं."

रावांना राग यायला हवा होता. पण दोन दिवसांनी पहिल्यांदा छाती मोकळी झाली होती, तिथे राग बसवायला जागाच नव्हती. ते सतरंजीवर बसले आणि गुडघ्यावर थाप मारून हसले. "लबाड! मज शपथ मोडायला लावलीस आणि वर हसतेस!"

नित्याचं हसू एकदम थांबलं.

तिच्या हातातला स्क्रू सतरंजीवर पडला. "शपथ," ती म्हणाली. "अप्पा, विठोबाची शपथ. यादी खरी वाटावी म्हणून मीच ती लिहिली, पण ती खरंच मोडेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही." तिने एकदा त्या निळ्या उजेडाकडे पाहिलं, एकदा देवघराकडे. चेहरा पांढराफटक. "अप्पा, शपथ मोडली तर कोणास लागतं? मोडणाऱ्यास, की मोडायला लावणाऱ्यास?"

रावांनी तिच्याकडे पाहिलं. तो चेहरा त्यांना चांगला ओळखीचा होता. रोज सकाळी दाढी करताना ते तोच पाहायचे. या प्रश्नाचं उत्तर त्यांना ठाऊक होतं, एक नव्हे, चार उत्तरं ठाऊक होती आणि चारही भयंकर होती.

"कोणास नाही लागत," ते म्हणाले. आयुष्यात इतक्या ठामपणे ते कधीच बोलले नव्हते. "असल्या गोष्टींस भ्यायचं नसतं, पोरी."

भारतीबाईंच्या तोंडावरचा पदर खाली आला. त्या नवऱ्याकडे बघतच राहिल्या.

"नक्की?"

"नक्की. उद्या दहाला तू बेधडक खेळ. गोविंदपुरमला सकाळच्या पहिल्या बसने मी जाऊन येतों. तुझ्या वाटचंही मीच बोलतों."

"काय सांगाल त्याला?"

रावांनी सतरंजीवर पडलेला स्क्रू उचलून तिच्या हातात ठेवला.

"सांगतों, लेक बापावर गेलीय. आतां दोघांसही सांभाळ."